सिनेमाच्या तासाला सलग तीन तास द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट आणि मालिका गोष्ट कशी सांगतात, हा दोन क्रेडिटचा विषय पदवीला ऐच्छिक म्हणून ठेवता येतो, हे चांगलंच आहे. पण तो निव्वळ थिअरीचा धरून आठवड्याला दोन सुट्या तासिकांत कोंबला, की सिनेमा तुकड्यातुकड्यांत दाखवावा लागतो. मग ‘घरी बघून या’ सुरू होतं. मुलं मोबाइलवर दीडपट वेगाने बघतात आणि उत्तरपत्रिकेत गोष्ट उतरवून काढतात.

त्यात काय निसटतं? ‘कोर्ट’ (२०१४) हा सिनेमा घ्या. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. सारांशात एवढंच येईल. पडद्यावर मात्र कॅमेरा जागचा हलत नाही. माणसं जातात, दिवे मालवले जातात, काळोख होतो, सिनेमा संपला असं वाटतं. तो संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. हा चकवा शॉटच्या, म्हणजे न तोडता दाखवलेल्या एका सलग दृश्याच्या, लांबीत आहे. दीडपट वेगात तो उरतच नाही.

म्हणून एक क्रेडिट थिअरीचं, एक प्रात्यक्षिकाचं करा. एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. पंधरा आठवडे, दर आठवड्याला सलग तीन तास: हिशेब चोख बसतो. शिक्षकाचा कार्यभार एका तासाने वाढेल, तो मंजूर करावा लागेल. फुकटात हे होणार नाही.

प्रात्यक्षिक म्हणजे तीन मिनिटांचा एकच प्रसंग: आधी आवाज बंद करून, मग पडदा झाकून नुसता आवाज, मग दोन्ही. त्याचा तक्ता करायचा: शॉट क्रमांक, सेकंद, क्लोजअप (जवळून) की लाँग (लांबून), कॅमेऱ्याची हालचाल, ध्वनी. शेवटचा रकाना, ‘या शॉटने प्रेक्षकाला नवीन काय कळलं?’ खरी झटापट तिथेच होते. ‘दुःख दाखवलंय’ लिहून मुलं मोकळी होतात. कोणाला काय आधीच ठाऊक आहे आणि कोणापासून लपवलंय, हे खोदून विचारावं लागतं.

मालिकेचा एकच भाग दाखवून भागत नाही, आठवड्याचे लागोपाठ भाग हवेत. ब्रेकआधी टांगलेला प्रश्न ब्रेकनंतर किती सेकंदांत विरतो, ते मोजायला लावावं. एका वाक्यावर पाच चेहरे दाखवतात म्हणून हसणं सोपं आहे. पोळ्या लाटता लाटता बघणाऱ्या प्रेक्षकाचं काहीच चुकू नये, अशी ती बांधणी असते.

परीक्षेतही प्रसंग दोनदा दाखवून प्रश्न विचारावेत.

साहित्य फार लागत नाही: जाड पडदे, बरे स्पीकर. प्रोजेक्टरची चौकट मात्र तपासा. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या काळातला जवळपास ४:३ (रुंदी:उंची) आकाराचा सिनेमा १६:९ मध्ये ताणला, की चेहरे फुगतात आणि चौकटीच्या रचनेवरची सगळी चर्चा चुकीच्या चित्रावर होते.

आणखी एक. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) नुसार संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता सिनेमा दाखवणं उल्लंघन ठरत नाही. ओटीटीच्या वैयक्तिक खात्याच्या अटी वेगळ्या असतात, त्यामुळे डीव्हीडी किंवा रीतसर प्रत घेण्यासाठी ग्रंथालयाच्या निधीत तरतूद हवी. हे दोन्ही परिपत्रकात स्पष्ट लिहा, म्हणजे प्राचार्य बिचकणार नाहीत. पुढच्या वर्षाची वेळापत्रकं ठरण्याआधी ते निघावं, ही विनंती.

आपले,
चित्रपट व दूरचित्रवाणी विषयाचे अध्यापक