मांजराची पिल्ले उचलण्याची घाई नको

महोदय,

पावसाळ्यात जिन्याखाली, मीटररूममध्ये, माळ्यावर मांजरी पिल्ले घालतात. आई तासाभरात दिसली नाही की कुणीतरी कळवळून पिल्ले घरात आणते आणि वाटीत गाईचे दूध ठेवते. अशी कितीतरी पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. यातले बरेचसे टाळता येईल, म्हणून हे पत्र.

आई बहुतेक वेळा खाणे शोधायला गेलेली असते. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतोच. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, त्यामुळे मागे राहिलेले एकटे पिल्लू टाकलेले असेलच असे नाही. पिल्ले कोरडी, पोट भरलेली आणि शांत झोपलेली असतील, तर हात लावू नका. भोवती पिठाची बारीक रेघ ओढून लांब जा. आई येऊन गेली तर पावलांचे ठसे उमटतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही भीती बहुतांशी निराधार आहे. मात्र पिल्ले गारठलेली, भिजलेली, सतत रडणारी असतील किंवा आई मेल्याचे कळले असेल, तर थांबू नये.

अशा वेळी आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकतो आणि तिथेच घात होतो. तोंडात बोट घातल्यावर आत गार लागले, तर त्या पिल्लाला दूध पचत नाही. ते पोटात तसेच पडून राहते किंवा श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे फार उकडल्यास पिल्लू दुसरीकडे सरकते. उबेच्या बाजूला 30 ते 32 अंश तापमान पुरते. खोका स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर मुंग्या लागतात. पिल्लांना आंघोळ घालू नये.

गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढासा जीव काही तासांत सुकतो. पेट शॉपमध्ये मांजरीच्या पिल्लांसाठी दूध पावडर मिळते, तीच डब्यावरच्या प्रमाणात कालवावी. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 3 ते 4 मिलिलिटर पुरते. पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. सुई काढलेली सिरिंज चालते, पण दट्ट्या जोरात दाबू नये. पिल्लू पालथे, पोटावर असावे. बाळासारखे उताणे धरून पाजले की दूध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आले तर लगेच थांबून डोके किंचित खाली करावे व नाक पुसावे.

यापुढची गोष्ट तर अनेकांना माहीतच नसते. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. आई चाटून करवते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने प्रत्येक पाजण्याच्या वेळी शेपटीखाली हलकेच पुसत राहावे. शू दर वेळी व्हायला हवी. पोट टणक फुगले तर डॉक्टर गाठावा.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. दिवसाला साधारण 10 ग्रॅम वाढ हवी. वजन घटले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. डोळे सात ते चौदा दिवसांत आपोआप उघडतात, ओढून उघडू नयेत. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पण वजनानुसार व डॉक्टरांकडूनच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर.

सोसायट्यांना एक कळकळीची विनंती. आई असेल तर ती जागा महिनाभर तशीच राहू द्या आणि आईला खायला घाला. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे पिल्ले आठ आठवड्यांची होऊन दूध सुटले की वर्गणी काढून तिची नसबंदी करून घ्या.

– एक वाचक, ठाणे