मंत्रिमहोदय, परवाना राहू द्या, आधी अर्जाचा नमुना तरी द्या

मा. मंत्री महोदय,
राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य
यांस,

स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यात माझा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे. कारखाना आपला कागदोपत्री म्हणायचा; प्रत्यक्षात एक पल्व्हरायझर म्हणजे दळायचं यंत्र, एक चाळणी यंत्र आणि सात माणसं. वैद्य ग्रहणीवर, म्हणजे पचनाच्या जुनाट विकारावर देतात ते जातीफलादि चूर्ण आम्ही करतो. त्यात विजया पडते, म्हणजे भांगेचं, गांजाच्याच झाडाचं पान. ते परराज्यातून परवान्यावर येतं. तेच पान माझ्या रानात परवान्यावर पिकवता यावं, म्हणून हे पत्र.

पोतं आलं की आम्ही ते ताडपत्रीवर ओततो. पानांचा चुरा, देठ, बिया, सुतळीचे तुकडे, आणि मधूनच एखादा चिकट, उग्र वासाचा शेंडा. हा शेंडा माझी झोप घालवतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानुसार नुसतं पान आणि बी म्हणजे गांजा नव्हे. पण फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, आणि शेंड्याबरोबर आलेलं पानही गांजाच. म्हणून दोघीजणी सुपं घेऊन बसतात, तांदळातले खडे बघावेत तसं पान बघतात. शेंडा दिसला की पोतं तिथंच बांधायचं, वर कळवायचं आणि त्या महिन्याचं चूर्ण विसरायचं. बरं, शेंडा नाही निघाला तरी एका पोत्याचं पान मवाळ आणि पुढच्याचं कडक. कुठल्या रानात, कुठल्या बियाण्यावर वाढलं, कुणालाच ठाऊक नसतं. रोग्याला मात्र आम्ही दोन्हीची मात्रा एकच सांगतो. हे मला पटत नाही.

याला उपाय एकच. बियाणं ठरलेलं, रान कुंपणातलं, टीएचसी, म्हणजे त्यातलं नशेचं द्रव्य, किती ते प्रयोगशाळेत मोजलेलं. माझ्याकडे वीस गुंठे विहिरीखालचं रान आहे. मला कायदा मोडायचा नाही, त्यात जे लिहिलंय तेच मागतोय. कलम ८ ने सगळ्यावर बंदी घातली, पण वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाला वाट ठेवली. कलम १० ने गांजाच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिचं नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. दिल्लीला नाही, आपल्याला. अफू केंद्राकडे, भांग-गांजा राज्याकडे, अशी ही वाटणी आहे.

हे वाचून मी गेल्या वर्षी अर्ज करायला निघालो. एका कार्यालयात साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दरवाजा लोटून घेतला. “हे लेखी विचारू नका,” म्हणाले. दुसरीकडे सांगितलं, हा विषय आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणचा कारकून भला माणूस. त्याने कपाट उघडून जुन्या फायली धुंडाळल्या आणि म्हणाला, “दारूचे सगळे नमुने आहेत बघा, हा नाही.” फी किती, क्षेत्र किती, पीक कुणासमोर तोडायचं, उरलेला पाला कुठे जाळायचा, हे मला कुणीही सांगू शकलं नाही.

आपली भीती मला कळते. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पोलीस गांजाची शेतं उपटतात, इकडे उसात चार-दोन झाडं सापडली तरी पेपरात फोटो येतो. उपटायलाच हवीत. पण मध्य प्रदेशात मंदसौर, नीमचचा शेतकरी अफूसारखं पीक पट्ट्यावर, म्हणजे सरकारी परवान्यावर घेतोच ना? क्षेत्र मोजलेलं, चीक सरकारच्याच काट्यावर घातलेला. तिथेही चोरी होते, म्हणून कुणी पट्टे बंद केले नाहीत.

शेजारी पाहा. गोव्यात २०२० साली औषधी लागवडीच्या प्रस्तावाला विधी खात्याने संमती दिली, गदारोळ झाला आणि सरकारने अंग काढून घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. त्या सत्तावीसांत भारत होता! हिमाचल सावध निघालं. आधी समिती नेमली, मग जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. आपल्याकडे राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे. पहिली दोन वर्षं फक्त राहुरीत लावा, मला थांबायला लावा, माझी ना नाही.

हेही सांगतो, ही वनस्पती म्हणजे रामबाण नव्हे. इंटरनेटवर कॅन्सरपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर तिचं तेल विकणारे मला डोळ्यासमोर नकोत. अमेरिकेने २०१८ मध्ये यातलं एक शुद्ध औषध मंजूर केलं, ते अपस्माराच्या दोन दुर्मीळ, चिवट प्रकारांसाठी, चाचण्या घेऊन. माझं चूर्ण त्या तोडीचं आहे असा माझा दावा नाही. निदान प्रत्येक डबीत आत काय आणि किती, हे मला छातीठोकपणे सांगता यावं.

तेव्हा नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कागदावर म्हणा, कारणासहित. आणि हो म्हणायचं असेल तर नियम करा आणि अर्जाचा नमुना काढा. मी त्या दिवशी अर्जाला लावायला म्हणून घेतलेलं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अजून पाकिटात आहे. घडीवर थोडं फाटलंय. चालेल ना?

आपला,
एक आयुर्वेदिक औषध उत्पादक
जिल्हा सातारा