टीईटीपुरताच पियाजे?

संपादक महोदय,

नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावं लागेल असा सुप्रीम कोर्टाचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि तेव्हापासून आमच्याकडे पंचेचाळिशीतली मंडळी मधल्या सुट्टीत पियाजे पाठ करतायत, म्हणजे मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो हे मांडणारा स्विस मानसशास्त्रज्ञ. पहिल्या पेपरात १५० पैकी ३० मार्क बालमानसशास्त्राला, त्यामुळे त्याने सांगितलेल्या विचारांच्या पायऱ्या, पूर्वक्रियात्मक अवस्था दोन ते सात वर्षं, मूर्त क्रियात्मक सात ते अकरा, हे सगळं तोंडपाठ. घंटा झाली की तेच सर पहिलीच्या वर्गात जाऊन सांगतात, एक ते शंभर पाच वेळा लिहा!

अहो, पियाजेचाच प्रयोग करा, पहिलीतल्या पोरापुढे चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडून बघा, सहा आणि सहा. सारख्या आहेत का म्हटलं तर हो म्हणेल. मग त्याच्यादेखत खालची ओळ जरा पसरवा आणि परत विचारा, बऱ्याच पोरांचं बोट पसरलेल्या ओळीकडे जातं, आणि मोजून दोन्हीकडे सहाच आले तरी काही जण 'पण ही मोठीय' म्हणून अडून बसतात. अशा पोराला २३ मधला २ म्हणजे वीस हे फळ्यावरून काय कळणार? त्याला दहा काड्यांचा गठ्ठा स्वतः रबर लावून बांधू द्या, सोडू द्या, सांडू द्या.

आता सातच्या आतल्या मुलांना हे कळतच नाही, हे पियाजेचं म्हणणं म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला, फक्त ओळ मोठ्या माणसाने नाही तर खेळण्यातल्या खोडकर टेडी अस्वलाने 'चुकून' विस्कटली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे बाईंनी स्वतः मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पोराला वाटतं आपलं चुकलं असणार, बदला उत्तर. आणि आपण दिवसभर करतो काय, तर 'नक्की का?'

पण वर्गात काड्या पसरल्या की पालक म्हणतात नुसतं खेळवतात, आणि तपासणीला येणारे साहेब वह्या मागतात. त्यांनी एकदा वही बाजूला ठेवून पोराला तेवीस काड्या मांडायला सांगाव्यात. आणि टीईटीचा पेपर काढणाऱ्यांनी वयोगट विचारण्यापेक्षा हे चिंचोक्यांचं पोर समोर आहे, पुढे काय कराल, असं विचारलं तर आमचं पाठांतर तरी कमी होईल.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा