बाबांच्या लायसन्सबद्दल

पुणे

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर लायसन्सचा विषय निघाला की तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्याने वाच, म्हणजे बाबांना शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

ठरलंय ते आधी सांगून टाकते. शनिवारी सकाळी मी नाशिकला येतेय. त्या दिवशी अकराला गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाबांची वेळ घेतली आहे. रविवारी आपण टेबलावर लॅपटॉप घेऊन बसू आणि नूतनीकरणाचा अर्ज भरू. समोरच्या काकांनी नंबर दिलेल्या त्या एजंटला मी नको म्हणून कळवलं. तुम्हाला न विचारता कळवलं याचा राग येईल, येऊ दे. तो मला म्हणाला, “साहेबांना कुठे जायची गरज नाही, डॉक्टरचा कागदपण आपणच आणतो.” डोळे न बघता आणलेला कागद मला नकोय, बाबा. क्वार्टरमध्ये असताना रेशनकार्डासाठी चार महिने खेटे घातलेत तुम्ही, पण कोणाच्या हातावर दहा रुपये टेकवले नाहीत. तुमच्या नावावर असला कागद शोभत नाही.

दादाचं म्हणणं वेगळं होतं, तेही लपवत नाही. तो म्हणाला, मुदत संपू दे, गाडी आपोआप थांबेल. आप्पाकाकांचं झालं तेव्हापासून त्याने किती धास्ती घेतली आहे, ते तुम्ही जाणता. त्याच्यावर रागावू नका. पण मला ते पटलं नाही. इतकी वर्षं ज्यांनी आम्हाला सुखरूप नेलं-आणलं, त्यांचं गाडी चालवणं असं गुपचूप कसं संपू द्यायचं? डोळे ठीक असतील तर तुम्ही खुशाल चालवा. नसतील तर किल्ली तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवा. ते ठरवण्याचा मान तुमचा आहे.

तुमच्या मनात अजून पेठ रोडच्या आरटीओतली रांग आहे ना? आता बरंच काम घरून होतं. सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की ओळख पटते. नूतनीकरणाचे 200 रुपये, कार्डाचे 200, शिवाय थोडा टपालखर्च, तेही ऑनलाइन. एजंटने सांगितलेला आकडा आईला कळवलाय, तिलाच विचारा. एकच गोष्ट विसरायची नाही. कार्ड टपालाने लायसन्सवरच्या पत्त्यावर येतं, आणि तुमच्या कार्डावर अजून नाशिकरोडच्या क्वार्टरचा पत्ता आहे. तेव्हा पत्ताबदलही सोबतच करू, नाहीतर कार्ड तिकडे जाऊन परत जायचं.

आणि मुदत संपल्यावर महिनाभर चालतं म्हणता ना, ते आता नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. मुदत संपली त्या दिवसापासून गाडी काढायची नाही. पकडलं तर 5000 दंड, आणि देव न करो, कुठे काही घासलं-बिसलं तर विमा कंपनी हात वर करेल. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाचच वर्षांचं होतं, म्हणजे हे सगळं पाच वर्षांनी परत करायचंच आहे. तेव्हाही मी येईन.

आता खरं बोलू का? तुमचं ‘बघू’ रांगेमुळे नाही. ते फॉर्म 1ए मुळे आहे. चाळिशीनंतर डॉक्टरचं हे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का.

बाबा, मला आकडे तुम्ही शिकवलेत ते नंबरप्लेटवरच. स्कूटरवर मी पुढे उभी, हँडलच्या मधोमध धरलेलं, द्वारकेच्या सिग्नलला थांबलो की तुम्ही विचारायचात, “मने, पुढच्या ट्रकचा नंबर सांग.” बरोबर सांगितला की मागून डोक्यावर टपली. चुकला तरी टपलीच, जरा हळू. मला शाळेत घालायच्या आधी शंभरपर्यंत येत होतं ते त्यामुळे. शनिवारी डॉक्टर तुम्हाला अक्षरं वाचायला लावतील तेव्हा मी शेजारी बसलेली असेन. एखादी ओळ नाही वाचता आली तर नाही म्हणायचं, अंदाजाने ठोकायचं नाही.

दिवाळीत मुंबई नाक्यावरून घरी येताना समोरून दिव्यांचा झोत आला आणि तुम्ही गाडी बाजूला घेऊन थांबलात. ‘पाणी प्यायचंय’ म्हणालात. बाटली मागच्या सीटवर माझ्याकडे होती, तुम्ही मागितली नाहीत. मी तेव्हा बोलले नाही. तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत, एवढंच आज सांगायचं होतं.

मोतीबिंदू निघालाच तर घाबरायचं काही कारण नाही. ऑपरेशन करून घेऊ, मी रजा काढते. मुदत संपल्यानंतरही वर्षभरात नूतनीकरण होतं, त्यामुळे लायसन्स हातचं जात नाही. तोवर गाडी बंद, एवढंच.

आई, तुझं अडणार नाही. बुधवारच्या बाजाराला आणि भजनी मंडळाला ठरवून रिक्षा लावू, पैसे मी महिन्याचे एकदम देईन, तू दरवेळी घासाघीस करत उन्हात उभी राहू नकोस. सिटीलिंकची बस आपल्या चौकातून जाते, पण गर्दी असली तर चढू नकोस, पुढची येऊ दे. वणीला मात्र यापुढे ड्रायव्हर घेऊनच जायचं, डोळे कितीही चांगले निघाले तरी. नांदुरीचा घाट बाबांनी आता मागे बसून बघावा. आजवर त्यांनी तो धड बघितलेलाच नाही, नजर कायम वळणावर.

आणखी काही, आणि हे ऐकायचंच. मोबाइलवर ‘आरटीओ चलान’ म्हणून एपीके फाईल (फोनमध्ये अॅप घालणारी) आली तर उघडायची नाही, लगेच डिलीट. सरकारी साईटच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, बाकी कुठे आधार नंबर टाकायचा नाही. ओटीपी रविवारी माझ्यासमोर सांगायचा, फोनवर मी मागितला तरी द्यायचा नाही. बाबा, आधारला जोडलेलं सिम त्या जुन्या फोनमध्ये आहे, त्याला रिचार्ज मारून ठेवा. जुनं लायसन्सचं पुस्तक बिस्किटाच्या डब्यात आहे, कार्ड पाकिटात आहे, दोन्ही काढून ठेवा. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही ठेवा. डोळ्यांचा रिपोर्ट घेऊन आपण नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ आणि बीपी वगैरे बघूनच प्रमाणपत्र घेऊ.

शनिवारी जाताना गाडी काढायची नाही. बाहुली मोठी करायला डोळ्यांत थेंब घालतात, मग काही तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. येताना चालवू असं मनात आणू नका. रिक्षाने जाऊ, आणि तुमचा तो काळा गॉगल घ्या. आई, बाबांना सकाळी पोटभर नाश्ता दे, त्यांना उपाशी ठेवू नकोस. माझ्यासाठी काही करत बसू नकोस, गाडीतून उतरून मी मिसळ खाऊनच येईन.

तुमची,
मनू