कच्चे टोमॅटो आणि पहिला फ्रॉस्ट

बर्मिंगहॅम, अलाबामा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. झाडं टोमॅटोंनी लगडलीत, एकही लाल नाही आणि तुमच्या मिनियापोलिसला गुरुवारी रात्री पारा शून्याखाली जाणार. "सगळं कंपोस्टात टाकू का?" असं विचारतेस. अलाबामात वाढलेल्या मुलीनं हे विचारावं! मक्याचा रवा लाव आणि तळ.

पण आधी ते खुडून घरात आण. बुधवारी संध्याकाळीच आण, गुरुवारची वाट बघू नको. एकदा फ्रॉस्ट पडला, म्हणजे दंव गोठलं, की फळाच्या आतलं पाणीही गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की तेवढा भाग काळपट, पाणचट होतो. तो मग पिकतही नाही आणि तळण्याच्या कामाचाही राहत नाही. झाडावर ठेवून आता तसाही उपयोग नाही. थंडी दहा अंश सेल्सिअसच्या खाली रेंगाळायला लागली की टोमॅटोचं पिकणं जवळजवळ थांबतं.

घरात आणलेस की निवडायला बस. एक फळ मधोमध काप. सुरीनं बियाही कापल्या गेल्या तर ते अगदी कोवळं आहे, ते कधीच लाल होणार नाही. बियांभोवती बुळबुळीत गर धरला असेल आणि बिया सुरीपुढून सटकत असतील तर फळ आतून तयार आहे, नुसता रंग यायचा बाकी आहे. बाहेरूनही कळतं. कोवळं फळ गडद हिरवं असतं, तयार झालेलं पांढुरकं हिरवं आणि चकचकीत. तयार झालेल्यांतले काही वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात एका थरात ठेव, सोबत एखादं सफरचंद टाक. सफरचंदातून एथिलिन वायू सुटतो, त्यानं पिकायला मदत होते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नको, तिथं ते पिकणारच नाहीत.

तळायला मी पांढुरके हिरवेच घेतो. गडद कोवळे तुरट लागतात. एखाद्याच्या बुडाशी गुलाबी झाक आली असेल तर हरकत नाही, उलट जराशी गोडी येते. पण अंगठ्यानं दाबून बघ. दबला तर तो सॅलडचा, तळणीचा नव्हे. आणि बाजारात पिकल्यावरही हिरव्याच राहणाऱ्या काही जाती मिळतात, त्या आणू नको. त्या रंगानं फसवतात आणि तेलात पडल्या की लगदा होतात.

आई मागून विचारतेय की कच्च्या टोमॅटोत विष असतं ना. त्यात टोमॅटिन नावाचं द्रव्य असतं. ते पानांत आणि देठांत जास्त असतं, फळात पिकता पिकता कमी होत जातं. ताटलीभर कापांनी कुणाला काही होत नाही. आणि हे विचारणारी बाई स्वतः जन्मभर कच्च्या टोमॅटोची भाजी करत आलीय. पानं खाऊ नकोस म्हणजे झालं.

आता कृती. चार मध्यम टोमॅटो घे. दोन्हीकडच्या टोप्या उडव आणि बाकीच्याच्या साधारण पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कर. पातळ केल्यास तर आत काही उरत नाही, नुसतं आवरण खाल्ल्यासारखं होतं. जाड केल्यास तर वरून करपतं आणि आतून करकरीत कच्चं राहतं. चकत्या जाळीवर पसरून दोन्ही बाजूंनी मीठ भुरभुरव आणि अर्धा तास विसरून जा. नंतर बघ, खाली पाणी साचलेलं दिसेल. चकत्या कोरड्या फडक्यानं नीट टिप. हा अर्धा तास वाचवायचा मोह होईल, पण सगळी मेख इथं आहे. चकतीत राहिलेलं पाणी तेलात वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि वरचं आवरण पापुद्र्यासारखं सोडवून टाकतं. लोक मग तेलाला नाहीतर पिठाला दोष देतात.

तीन पसरट ताटल्या मांड. पहिलीत अर्धी वाटी मैदा. दुसरीत अर्धी वाटी ताक आणि एक अंडं फेटून. ताक इथल्या दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतं ते दाट बटरमिल्क घे, आपलं पातळ ताक चकतीवर टिकणार नाही. तिसरीत पाऊण वाटी मक्याचा रवा, पाव वाटी मैदा, मीठ, भरपूर मिरपूड आणि चिमूटभर लाल तिखट. रवा म्हणजे पिवळा किंवा पांढरा कॉर्नमील, मध्यम भरड. इथले जुने लोक पांढराच वापरतात आणि त्यात साखर घालणाऱ्याकडे जरा संशयानं बघतात. तुला पिवळा मिळेल, चालेल. कॉर्नस्टार्चचा डबा उचलू नको आणि भारतीय दुकानातलं रोटीचं मक्याचं पीठही नको, ते फार बारीक असतं.

चकती आधी मैद्यात, मग ताकात, मग रव्यात. एक हात कोरड्यासाठी, दुसरा ओल्यासाठी, नाहीतर तुझ्या बोटांनाच आवरण चढेल. तीन थर कशाला, तर मैद्यानं चकतीचा पृष्ठभाग कोरडा होतो म्हणून ताक धरतं, आणि ताक ओलं म्हणून रवा धरतो. सगळ्या चकत्या घोळून झाल्या की दहा मिनिटं जाळीवर तशाच राहू दे, म्हणजे आवरण बसतं. आजी इथं आली होती तेव्हा आपण अंडं वगळलं होतं, आठवतं? नुसत्या दाट ताकात चमचाभर मैदा कालवला, तरी झकास झाले.

बिडाचा तवा काढ, तू जाताना दिला होता तो. नसेल सापडत तर कुठलंही जाड बुडाचं भांडं चालेल, पण बीड एकदा तापलं की चकत्या टाकल्यावर लगेच गार पडत नाही, म्हणून इथं सगळे तेच वापरतात. टोमॅटो आंबट, त्यानं तव्याचं रापण, म्हणजे तेल मुरून बसलेला काळा थर, जाईल अशी भीती असेल तर, अर्धा तास रटारटा शिजवायचे असते तर गेलं असतं. एवढ्याशा तळण्यानं काही होत नाही. तेल सेंटिमीटरभर उंचीचं, आणि शेंगदाण्याचं. ते तर आपलंच. शिवाय दक्षिण अलाबामा आणि जॉर्जिया हा भुईमुगाचा मुलूख, इथं तळणीला ते सगळीकडे वापरतात. आपल्या शेजारच्या बाई बेकनची चरबी डब्यात साठवून ठेवतात आणि त्यात तळतात. चव वेगळीच येते, हे मी आईसमोर बोलत नाही.

तेल १७५ ते १९० अंश सेल्सिअसवर हवं. थर्मामीटर नसेल तर रव्याचे चार कण टाक, ते लगेच फेसाळून वर आले पाहिजेत. चकत्या गर्दी न करता सोड. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, आणि एकदाच उलट. सतत ढोसत बसलीस तर आवरण निघतं. सोनेरी झाल्या की जाळीवर काढ. कागदावर काढायची आपली सवय, पण कागदावर खालून वाफ धरते आणि तळची बाजू मऊ पडते. गरम असतानाच चिमूटभर मीठ.

आता बेसन. तुला वाटणारच की थोडं बेसन, हळद, ओवा घालावा. मी विरोधात आहे. बेसनाची भजी उत्तमच, पण ती भजी झाली. बेसन चकतीभोवती जाड गादीसारखं बसतं आणि टोमॅटोचा आंबटपणा त्यात बुडतो. हा पदार्थ सगळा त्या आंबटपणासाठीच आहे. चावलं की आधी रव्याचा कुरकुरीत थर लागावा आणि लगेच आंबट, गरम रस सुटावा. कोकणात सुरणाला नाहीतर वांग्याला रवा लावून काप करतात, ते डोळ्यासमोर ठेव. मसाल्याशिवाय चैन पडत नसेल तर तो चटणीत घाल.

तुझ्या ऑफिसातली मंडळी म्हणतात की हा दक्षिणेचा पदार्थ, मिनेसोटात कोण करतं. त्यांना सांग, गोष्ट तेवढी सरळ नाही. आपल्या घरापासून जवळच आयर्नडेलला रेल्वेच्या रुळांशेजारी जे जुनं कॅफे आहे, त्यावरून एका लेखिकेला कादंबरी सुचली. १९९१ साली त्या कादंबरीवर 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज' नावाचा सिनेमा निघाला आणि मग अमेरिकेतल्या प्रत्येक 'सदर्न' हॉटेलच्या मेनूवर हे टोमॅटो येऊन बसले. पण चार्ल्सटनचे खाद्य-इतिहासकार रॉबर्ट मॉस यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि पाकपुस्तकं चाळली, तेव्हा त्यांना जुन्या कृती सापडल्या त्या मुख्यतः उत्तरेत आणि मिडवेस्टमध्ये, ज्यू गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकांतसुद्धा. आमच्या इथल्या लोकांना हे अजिबात आवडत नाही. मला मात्र पटतं. इथं फ्रॉस्ट नोव्हेंबर उजाडेपर्यंत येत नाही, टोमॅटोला पिकायला वेळच वेळ असतो. कच्च्या फळांचा ढीग उरतो तो तुमच्याकडे, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच. तेव्हा 'हे आमच्या अलाबामाचं' असं म्हणत वाढू नको. तुझ्या शेजाऱ्यांच्या पणजीनं ते आपल्याआधी केलेले असण्याची शक्यता जास्त आहे.

खायचे लगेच. सोबत काय घ्यायचं यावर इथं भांडणं होतात. न्यू ऑर्लीन्सची मंडळी वर कोळंबी आणि रेमुलाड नावाचं चटकदार सॉस घालतात. इतर ठिकाणी पिमेंटो चीज, म्हणजे चीज, मेयोनीज आणि गोडसर लाल मिरचीचं मिश्रण, लावतात, मला ते जड होतं. मी आपलं उत्तर अलाबामाचं पांढरं बार्बेक्यू सॉस करतो: मेयोनीज, व्हिनेगर, पुष्कळ मिरपूड, थोडं लिंबू. डिकेटर गावात बिग बॉब गिब्सन यांनी ते कोंबडीसाठी बनवलं, पण या टोमॅटोंवरही शोभतं. मित्रमंडळी येणार असतील तर तळलेले काप ओव्हनमध्ये ९५ अंशांवर जाळीसकट ठेव, अर्धा तास छान राहतात. उरलेच तर दुसऱ्या दिवशी २०० अंशांवर पुन्हा गरम कर आणि ब्रेडमध्ये घाल. मायक्रोवेव्हमध्ये घातलेस तर मला सांगू नकोस.

जे लहान, वेडेवाकडे किंवा फारच कोवळे असतील त्यांची चटणी कर. चिरून तेलावर हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर पाणी आटेपर्यंत परत, मग दाण्याचा कूट, मीठ, बोटभर गूळ घालून जाडसर वाट. आई म्हणते तीळही घाल. कोवळ्या टोमॅटोचा तुरटपणा गुळानं झाकला जातो, म्हणून ते इथं चालतात.

तळणीचं तेल निवलं की गाळून बरणीत भर, पण रव्याचे कण करपून खाली बसलेले असतात ते टाकून दे, नाहीतर पुढच्या वेळी कडवट वास येतो. सिंकमध्ये ओतू नको. भाड्याच्या घराची नळी तुंबली तर प्लंबरचं बिल तुलाच भरावं लागेल.

आईनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ पोस्टात टाकलंय. पोहोचलं की कळव, आणि पुढच्या वर्षी टोमॅटो मे महिना संपायच्या आत जमिनीत लाव.

तुझा,
बाबा