गरम पाण्याच्या लाइनसाठी पेक्स पाइपला परवानगी मिळावी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : फ्लॅटमधली गरम पाण्याची लाइन तांब्याऐवजी पेक्स या लवचीक प्लास्टिक पाइपची टाकण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या अर्जावर आपलं उत्तर मिळालं, ‘मूळ बांधकामाप्रमाणे तांब्याचीच लाइन टाकावी.’ भिंतीत प्लास्टिक गाडायचं म्हटलं की धाकधूक वाटते, हे मला मान्य आहे. तरीही या निर्णयाचा फेरविचार व्हावा, अशी विनंती आहे.

आमच्या बाथरूमची भिंत तीन आठवडे उघडी आहे. त्याआधी चार महिने २०२ मधल्या आजींच्या देवघरावर ओल उतरत होती. पोपडे देवांवर पडू लागले तेव्हा त्यांनी देव उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडले. मला त्या एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागतं. आम्ही दोनदा टाइल्सचे सांधे भरून घेतले, पण गळती थांबली नाही. शेवटी भिंत फोडली. तांब्याचा पाइप शाबूत होता, गळत होतं त्याला जोडलेलं जीआयचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं, निपल (दोन पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा). सांध्यावर हिरवा कळक धरलेला, आणि निपलच्या आट्यांवर नख फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते.

तांबं आणि जीआय थेट जोडले की पाण्यामुळे दोघांत विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यात जस्त व लोखंड झिजत जातं. आपल्या इमारतीत गार पाणी जीआयमधून येतं आणि गीझरपासून पुढे तांबं आहे, म्हणजे असे सांधे इतरही फ्लॅटमध्ये असणार. मध्ये इन्सुलेटेड युनियन, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकू न देणारा जोड, बसवलं तर झीज टळते, हे खरं. पण तांब्याच्या लाइनला प्रत्येक वळणावर डाग देऊन एल्बो जोडावा लागतो. तीन प्लंबरना विचारलं, तिघांनीही हे काम करत नसल्याचं सांगितलं.

पेक्स म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्कं केलेलं पॉलिथिलीन. हा पाइप ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्याला सुमारे ७ बार दाबापर्यंत चालतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्यापर्यंत १५ मीटर उंची धरली तरी दाब दीड बारच्या आसपास येतो. पाइप गुंडाळीत मिळतो आणि वळवता येतो. त्यामुळे डक्टमधल्या मॅनिफोल्डपासून (एका लाइनचे अनेक फाटे करणाऱ्या जोडापासून) नळापर्यंत एकच सलग तुकडा जातो, भिंतीच्या आत मध्ये कुठेही सांधा राहत नाही. सीपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या पाइपचाही विचार केला. तो स्वस्त आहे आणि आपल्याकडच्या सगळ्या प्लंबरना येतो, पण त्यालाही प्रत्येक वळणावर एल्बो आणि सोल्युशनचा जोड लागतोच. आजींच्या छताचा अनुभव घेतल्यावर भिंतीत पुन्हा सांधा ठेवायला माझं मन धजत नाही.

पेक्सच्या मर्यादाही सांगते. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर तो टाकायचा नाही. उंदीर तो कुरतडू शकतात, त्यामुळे डक्टला जाळी हवी. जोडायला वेगळं हत्यार लागतं. पाणी ५० अंशांनी तापलं तर मीटरमागे साधारण ७ मिलिमीटर लांबी वाढते, म्हणून पाइप प्लास्टरमध्ये घट्ट न बसवता मोठ्या नळीतून सोडावा लागतो. गीझरला तो थेट जोडायचा नाही, पहिला दीड फूट धातूचा ठेवायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या परवानगीहून मोठी आहे. जुन्या इमारतींत काही ठिकाणी गीझरचं अर्थिंग पाण्याच्या धातूच्या पाइपलाच जोडलेलं असतं. आपल्याकडे तसं कुठे असेल आणि मधला पाइप प्लास्टिकचा झाला, तर अर्थिंग तुटेल आणि वरून काहीच कळणार नाही. आंघोळीच्या ओल्या हाताशी हा खेळ नको. समितीने पेक्सला परवानगी दिली किंवा नाही दिली, तरी सर्व फ्लॅटचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोणी सभासदाने न विचारता आधीच सीपीव्हीसी टाकलं असेल, तर तिथेही हाच धोका आहे.

परवानगी देताना समितीने खुशाल अटी घालाव्यात. भिंत बुजवण्याआधी समितीच्या प्रतिनिधीसमोर लाइनला नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तो उतरतो का ते गेजवर पाहावं. उघड्या भिंतीचे, टेप लावून काढलेले फोटो मी सोसायटीच्या फाइलला देईन, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे कळेल. बाहेरच्या लाइन्सना मी हात लावणार नाही, त्या सोसायटीच्या आहेत. आतला सगळा खर्च माझा.

कापून काढलेलं निपल आणि फूटभर पेक्स मी ऑफिसात ठेवून आले आहे. सदस्यांनी दोन्ही हातात घेऊन पाहावीत. रविवारच्या बैठकीत हा विषय घेतलात तर सोमवारी काम सुरू करता येईल. भिंत बुजली की आजींच्या छताचं प्लास्टर आणि रंग मी करून देणार आहे.

आपली,
सभासद, फ्लॅट ३०२