नाटकाच्या पेपराला रंगमंच द्या

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

कुडाळ तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी २९ वर्षे मराठी शिकवले. बी.ए.च्या वर्गाला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक शिकवायचे. पात्रचित्रण, संघर्ष, शीर्षकाची समर्पकता. मुले तीच उत्तरे घोकायची आणि मी तीच तपासायची. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती कडी भायरसून लागली काय?" मी थबकले. नाटकाच्या सुरुवातीलाच नायिकेचे, बेणारेबाईंचे बोट दाराच्या कडीत सापडते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या निघून जायला बघतात, तर दार बाहेरून लागलेले! १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात तेंडुलकरांनी केवढे ओझे त्या कडीवर टाकले आहे, आणि मी इतकी वर्षे ते वाचून पान उलटत होते.

त्याच तासाला आम्ही बाके भिंतीला लावली. वर्गाचे दार बाहेरून लावून घेतले. बेणारे झालेली मुलगी दार ओढत राहिली. ते उघडेना, तेव्हा तिला कळेना की आता वळून उभे कुठे राहायचे, दाराशी की खुर्च्यांच्या मधोमध. त्यावर पाऊण तास वाद झाला. नेपथ्य, हालचाल, बाईंची कोंडी, सगळे त्या वादात आले.

पुढच्या हंगामात त्याच मुलांना घेऊन मी जत्रेत दशावताराला, म्हणजे आपल्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, बसले. लहानपणापासून पाहिलेला खेळ, पण नाटक म्हणून त्यांना तो कोणी दाखवला नव्हता. एक बाकडे, तेच सिंहासन. बाजूला पेटी, मृदंग, झांज. आख्यान, म्हणजे सांगायची कथा, आधी ठरते. संवाद नट उभ्याउभ्या रचतात. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले तेव्हाही सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आयत्या वेळी बोलत. त्याच प्रयोगाची आठवण म्हणून दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिनी नटराजाला हार घालतो. त्या नाटकाची रीत आपल्याच देवळापुढे अजून जिवंत आहे, हे मुलांना त्या रात्री उमगले.

म्हणून माझी विनंती आहे. नाटकाच्या पेपरातले निम्मे गुण प्रयोगाला ठेवा. चौघांनी मिळून दहा मिनिटांचा प्रवेश उभा करावा. दिवे, वेशभूषा, रंगभूषा त्यांचीच. जागेचे म्हणाल तर मी एकदा एका नाट्यगृहात दुपारचे दोन तास मागितले होते. पूर्ण भाडे आणि अनामत भरा, असे उत्तर आले. तिथे दुपारी कुलूपच असे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या नाट्यगृहांनी महिन्यातली एक दुपार विद्यार्थ्यांना मोकळी द्यावी.

आणि दशावतारी कलावंताला शिकवायला बोलवाल तेव्हा मानधन द्या. रात्रभर उभा राहून जो खेळ करतो, त्याची शाल-श्रीफळावर बोळवण करू नका.

एक निवृत्त प्राध्यापिका,
कुडाळ